बेसमेंटमधली यंत्रं

हिंजवडीतल्या कुठल्याही आयटी कंपनीच्या बेसमेंटमध्ये सकाळी दहानंतर उतरलं की पांढऱ्या गाड्यांची रांग दिसते. पांढरी, राखाडी, पुन्हा पांढरी. उंच, रुंद खांद्यांच्या, एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटाव्यात अशा. त्यांच्यामधून लिफ्टकडे जाताना माणसं मोबाइलमध्ये बघत चालतात. पण खांबांच्या आडोशाला, जिथे शेजारच्या दाराचा धक्का लागणार नाही अशी जागा हेरून, चार-दोन गाड्या लावलेल्या असतात. वीस-पंचवीस वर्षांची एखादी होंडा सिटी. मागच्या बाजूला ‘आरएस’ची खूण असलेली जुनी ऑक्टाव्हिया. विंचवाचं चिन्ह मिरवणारी पुंटो. छताला ताडपत्री असलेली जिप्सी. आमच्या बेसमेंटमध्ये अशा पाच-सहा आहेत, आणि त्यांच्या मालकांच्या मागे लागून, बोनेट उघडायला लावून, शेजारी बसून मी जे काही समजून घेतलं, त्यानं माझं पार्किंगमधून चालणंच बदलून गेलं.

या गाड्यांकडे लोक हौस म्हणून बघतात. हौस तर आहेच. पण प्रत्येकीच्या पोटात यंत्रशास्त्रातली एकेक विलक्षण कल्पना आहे आणि तिचा मालक त्या कल्पनेच्या प्रेमात आहे. आपल्याकडे गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, ‘किती देते?’ त्या प्रश्नाचं उत्तर या गाड्यांनी कधी अभिमानानं दिलं नाही. म्हणून त्या फार विकल्या गेल्या नाहीत आणि म्हणूनच आज ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे त्या जीव लावून सांभाळलेल्या आहेत.

सिटीपासून सुरुवात करतो. एमएच-10, म्हणजे सांगली पासिंग. मालक आमच्याकडे डेटाबेस सांभाळतो. गाडी मूळ त्याच्या वडिलांची. ठेंगणी, कोनाकोनाची, आजच्या गाड्यांपुढे अगदी किरकोळ दिसणारी. होंडानं सिटी भारतात आणली 1998 मध्ये, आणि पुढे 2000 च्या सुमारास तिला 1,493 सीसीचं व्हीटेक इंजिन दिलं. ताकद 106 बीएचपी. त्या काळात या आकाराच्या इंजिनातून एवढी ताकद निघणं ही मोठी गोष्ट होती, आणि ती कशी निघायची हे कळलं तेव्हा मी खरोखर थक्क झालो.

इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. जितकी हवा आत जाईल तितकं पेट्रोल जाळता येतं, जितकं पेट्रोल जळेल तितकी ताकद. हवा आत येते व्हॉल्व्हमधून. व्हॉल्व्ह उघडतो कॅमशाफ्टवरच्या अंडाकृती उंचवट्यामुळे, म्हणजे कॅममुळे. कॅमचा आकार एकदा कारखान्यात घासून ठरला की व्हॉल्व्ह किती उघडणार आणि किती वेळ उघडा राहणार, हेही कायमचं ठरतं. घोळ इथेच आहे. इंजिन सावकाश फिरत असताना व्हॉल्व्ह थोडाच उघडलेला बरा, कारण हवा वेगानं आत येते आणि पेट्रोलमध्ये नीट मिसळते. इंजिन जोरात फिरू लागलं की मात्र तेवढी फट पुरत नाही. शिवाय हवेला वजन आहे. सिटीच्या एका सिलिंडरचा एक घोट अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी वजनाचा, पण नळीतून धावत आलेल्या त्या हवेला गती असते, आणि पिस्टन खाली जाऊन परत वर यायला लागला तरी ती आपल्या जोरावर आत घुसत राहते. म्हणून वेगात असताना व्हॉल्व्ह उशिरा बंद करणं फायद्याचं. सावकाश फिरणाऱ्या इंजिनात हाच उशीर केला तर आलेली हवा उलट बाहेर ढकलली जाते.

म्हणजे एकाच इंजिनाला दोन वेगवेगळे कॅम हवेत. शहरासाठी एक, घाटासाठी एक. होंडाच्या अभियंत्यांनी दोन्ही दिले! हेच व्हीटेक. एकाच शाफ्टवर शेजारीशेजारी लहान उंचवट्याचे आणि मोठ्या उंचवट्याचे कॅम, आणि प्रत्येकाचा स्वतःचा रॉकर. इंजिन सावकाश असताना मोठ्या कॅमवरचा रॉकर नुसताच वरखाली होतो. त्याचा व्हॉल्व्हशी काही संबंध नसतो. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा ठरावीक आकड्यापुढे गेला की एक लहानशी झडप उघडते, इंजिन ऑइलचा दाब रॉकरच्या पोटातल्या पिनवर येतो, पिन सरकून शेजारच्या रॉकरमध्ये शिरते आणि सगळे रॉकर एकत्र जखडले जातात. त्या क्षणापासून मोठा कॅम सांगेल तसं सगळ्यांनी उघडायचं. काटा खाली आला की दाब जातो, स्प्रिंग पिनला मागे ढकलते, पुन्हा लहान कॅमचं राज्य. इकुओ काजितानी नावाच्या अभियंत्याच्या चमूनं हे घडवलं आणि 1989 च्या होंडा इंटेग्रात ते पहिल्यांदा रस्त्यावर आलं. 1.6 लिटरच्या त्या इंजिनाची ताकद होती 160 पीएस, लिटरमागे 100. टर्बो नसलेल्या, रोज ऑफिसला न्यायच्या गाडीत.

ही पिन कसल्या जागी काम करते ते लक्षात घ्या. काटा 7,000 वर असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 58 वेळा उघडून बंद होत असतो. पिस्टन सेकंदाला 117 वेळा खाली जाऊन वर येतो, म्हणजे सेकंदाला सुमारे 233 वेळा तो एका टोकाला जाऊन पूर्ण थांबतो आणि उलट फिरतो. सिटीच्या पिस्टनचा एक फेरा 84.5 मिलिमीटरचा; हिशेब केला तर त्याचा सरासरी वेग निघतो ताशी 71 किलोमीटर. साडेआठ सेंटिमीटरच्या खोलीत! या सगळ्या धुमाळीत, इतक्या कमी वेळात, बोटाच्या पेरापेक्षा लहान पिन शेजारच्या भोकात अचूक जाऊन बसते. संगणकाच्या चिपमधली अचूकता आम्हा लोकांना रोजची आहे. तेलाच्या दाबावर चालणारी ही अचूकता मला जास्त अचंबित करते.

सांगलीकर मला एकदा मुंबई-बंगळूर महामार्गावर खंबाटकीच्या चढाला घेऊन गेला. तिसरा गिअर, पाय दाबलेला. इंजिनाचा आवाज आधी साधा, घरगुती. पाच हजारांच्या आसपास तो आवाज एकदम मोकळा झाला, गळा साफ करून वरच्या पट्टीत जावं तसा, आणि गाडीनं ओढ घेतली. ‘आला बघ मोठा कॅम,’ तो म्हणाला. बावीस-तेवीस वर्षं ती पिन सरकतेय आणि त्याला अजून दर वेळी आनंद होतो.

यानंतरची सिटी, 2003 मध्ये आलेली, सुरुवातीला 77 बीएचपीची होती. अ‍ॅव्हरेज उत्तम द्यायची. लोकांनी तिचं स्वागत केलं. कंपनीनं ग्राहकाचं ऐकलं, यात चूक कोणाचीच नाही. पण जुनी व्हीटेक सांभाळणाऱ्यांना तेव्हापासून आपल्या हातात काय आहे याची जाणीव झाली.

हवा जास्त भरण्याची दुसरी वाट त्या ऑक्टाव्हियात आहे. ही पेरोल बघणाऱ्या ताईंची. सकाळी त्या ठरलेल्या जागी गाडी लावतात आणि लगेच उतरत नाहीत. इंजिन चालू ठेवून मिनिटभर बसून राहतात. नवीन आलेल्या वॉचमनकाकांनी एकदा काळजीनं काचेवर टकटक केली. ‘मॅडम, गाडी बंद होत नाही का?’ ‘होते ना काका. आतलं एक चाक फार तापलंय, त्याला जरा निवू देते.’ काकांनी खाली वाकून टायर पाहिले.

ते चाक टायरजवळ नाही, इंजिनाच्या अंगाला चिकटून आहे. पेट्रोल जाळून निघालेल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून गरम धूर होऊन वाया जातो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याला हे खुपलं आणि 1905 मध्ये त्यानं पेटंट घेतलं: जाणाऱ्या धुराच्या वाटेत एक पातं बसवायचं, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं पातं, आणि त्यानं बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. धूर ढकलतो, हवा भरते. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल, जास्त धूर, आणखी ढकल. एवढीच कल्पना. ती आधी मोठ्या डिझेल इंजिनांत, जहाजांत, विमानांत वापरली गेली आणि 1962 मध्ये अमेरिकेत मोटारगाडीत आली. ऑक्टाव्हिया आरएस आपल्याकडे आली 2004 मध्ये. भारतात विकली गेलेली पहिली टर्बो-पेट्रोल कार म्हणून ती ओळखली जाते. 1.8 लिटरचं इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच-पाच व्हॉल्व्ह, ताकद 150 च्या घरात. जोडली जायची शेंद्र्याच्या कारखान्यात, तेव्हाच्या औरंगाबादजवळ, आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ.

कल्पना सोपी, पण आकडे बघितले की डोळे विस्फारतात. धुराकडच्या बाजूचं तापमान 900 अंश सेल्सियसपर्यंत जातं. हवेच्या बाजूचं पातं त्याच दांड्यावर, काही सेंटिमीटरवर, आणि त्याला थंड हवा भरायची असते. लहान गाडीतल्या टर्बोचा दांडा मिनिटाला 2 लाख फेऱ्यांपर्यंत फिरू शकतो. पात्याचा व्यास 4 सेंटिमीटर धरला तर त्याच्या कडेचा वेग होतो सेकंदाला 400 मीटरहून जास्त. आपल्या बेसमेंटमधल्या हवेत आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो. ताई चांदणी चौकातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटरवर जोर देतात तेव्हा बोनेटखाली एक चाक आवाजापेक्षा जोरात फिरू शकतं!

इतक्या वेगात बॉल बेअरिंगसुद्धा टिकणं कठीण. बहुतेक टर्बोमध्ये तो दांडा कशालाच टेकलेला नसतो. बेअरिंगच्या आत इंजिन ऑइलचा केसाहून पातळ थर असतो आणि दांडा त्या तेलावर तरंगत फिरतो. आता जोरात आलेली गाडी लावली आणि ताबडतोब चावी फिरवली, तर काय होईल? तेलाचा पंप थांबेल, पण तापलेलं पातं थंड व्हायला वेळ घेईल. दांड्याभोवती अडकलेलं तेल तिथेच करपेल, काजळीचे कण होतील, आणि पुढच्या वेळी दांडा त्या कणांवर घासेल. अलीकडचे टर्बो पाण्यानंही थंड केले जातात, त्यामुळे धोका पुष्कळ कमी झालाय. तरी ताईंचं मिनिट चुकत नाही. वीस वर्षं उलटून गेलेला त्यांचा टर्बो अजून मूळचाच आहे, हे त्या अभिमानानं सांगतात. आता वॉचमनकाका नव्या माणसाला समजावतात, ‘मॅडमची गाडी निवतेय.’

टर्बो विंचवाच्या पुंटोतही आहे. 2015 मध्ये आलेली अबार्थ पुंटो, 1.4 लिटरला 145 बीएचपी, चारही चाकांना डिस्क ब्रेक, किंमत तेव्हा दहा लाखांच्या जरा आत. विंचू हे कार्ल अबार्थ यांचं चिन्ह, कारण त्यांची रास वृश्चिक. व्हिएन्नात जन्मलेले, 1949 मध्ये इटलीत आपली कंपनी काढणारे हे गृहस्थ लहान गाड्यांतून मोठी ताकद काढण्यात पटाईत होते. पन्नाशी उलटल्यावर, 1965 मध्ये, विक्रमासाठी बनवलेल्या गाडीच्या अरुंद जागेत मावावं म्हणून त्यांनी सफरचंदं खाऊन सुमारे 30 किलो वजन उतरवलं, असं सांगतात. त्यांच्या नावाची ही गाडी बनली कुठे? रांजणगावात! महागणपतीच्या दर्शनाला आपण जातो तिथेच, फियाट आणि टाटांच्या भागीदारीतल्या कारखान्यात.

पण आमच्या टेस्टिंग टीममधल्या मालकाला ताकदीबद्दल विचारलं तर तो चटकन उत्तर देतो आणि स्टिअरिंगकडे वळतो. तासभर बोलू शकतो. ‘बस, चालव, आणि काय वाटतं ते सांग,’ म्हणून त्यानं मला चावी दिली. औंध-बाणेरच्या रस्त्यावर पाचशे मीटरही गेलो नसेन, मला हातात काहीतरी वेगळं जाणवलं. रस्त्यावरचा ठिगळाचा सांधा, रंगवलेला पट्टा, कडेची वाळू, सगळं हाताला कळत होतं. चाक वाळूवर गेलं की स्टिअरिंग अंगभर सैल होतं, डांबरावर आलं की पुन्हा भरतं.

कारण असं. पुंटोचं पॉवर स्टिअरिंग तेलावर चालतं. स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक पोलादी सळई असते. तुम्ही वळवता तेव्हा ती किंचित पिळली जाते, तेवढ्या पिळानं एक झडप उघडते आणि पंपानं दाबलेलं तेल त्या दिशेला मदत करतं. जितका पीळ, तितकी मदत. आता रस्त्यानं चाकाला उलट ढकललं की तोच पीळ उलट बाजूनं बदलतो आणि ढकल तेलातून, सळईतून तळहातापर्यंत येते. हल्लीच्या जवळपास सगळ्या गाड्यांत हे काम विजेची मोटर करते. तिचे फायदे खरे आहेत: इंजिनाच्या पट्ट्यावर सतत फिरणारा पंप नको, पेट्रोल वाचतं, गाडीला स्वतः पार्क होता येतं. पण मोटरला स्वतःचं जडत्व असतं, तिच्या दात्यांचं घर्षण असतं, वर सॉफ्टवेअर बारीक थरथर गाळून टाकतं. हातापर्यंत येतो तो रस्त्याचा सारांश. अलीकडच्या काही मोटरी फार चांगल्या झाल्या आहेत, तरीही पुंटो चालवल्यावर मला कळलं, की माणसं हा तेलाचा पंप गळायला लागल्यावरसुद्धा का सोडत नाहीत. फियाटनं इथलं गाड्यांचं दुकान आवरल्याला काही वर्षं झाली. सुटे भाग मिळवायला तो कधी कोल्हापुरात, कधी कोइमतूरमध्ये ओळखी काढतो, आणि रॅकचं सील मिळालं त्या दिवशी आम्हाला कँटीनमध्ये चहा पाजतो.

चाकणमध्ये बनलेल्या पोलो जीटीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिची जादू डोळ्यांनी दिसतच नाही. 2013 मध्ये आलेल्या या गाडीत सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स आहे. त्यात क्लच दोन. 1, 3, 5, 7 हे गिअर एका दांड्यावर, 2, 4, 6 दुसऱ्यावर. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच टाकून तयार असतो. फक्त त्याचा क्लच सुटलेला असतो. गिअर बदलायचा म्हणजे एक क्लच सोडत सोडत दुसरा धरायचा. गिअर बदलताना ताकद तुटतच नाही. ही कल्पना 1930 च्या दशकातली, अडोल्फ केग्रेस या फ्रेंच माणसाची. तरुणपणी तो रशियाच्या शेवटच्या झारच्या मोटारी सांभाळत होता, आणि बर्फात त्या अडकू नयेत म्हणून मागच्या चाकांऐवजी पट्टे लावायची युक्तीही त्याचीच. दोन क्लचमधला हा खेळ अचूक आणि स्वस्तात सांभाळणारे संगणक यायला मात्र 2003 उजाडावं लागलं. आमच्याकडे ही गाडी घेणारा मुलगा नोकरीला लागून दोनच वर्षं झालेला. पहिल्या बोनसमधून सेकंडहँड घेतली. त्याच्या आईला अजून वाटतं, की ही साधी छोटी गाडी आहे.

जिप्सीवाला कोपऱ्यातल्या रॅम्पजवळ लावतो. वरून खाली येणारा तो गोल रॅम्प, बेसमेंट दोनपर्यंत. त्याच्यावरून रोज उतरताना आपल्या गाडीची चाकं काय करतात? बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त लांब जावं लागतं. किती जास्त? गंमत अशी, की वर्तुळ केवढंही असो, रॅम्पचं असो की अख्ख्या रिंग रोडचं, एका पूर्ण फेरीत हा फरक तेवढाच राहतो: दोन चाकांमधल्या अंतराच्या सव्वासहापटीहून थोडा जास्त. साधारण गाडीत सुमारे 9 मीटर. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एकाला घसटत जावंच लागेल. ही अडचण ओनेझिफोर पेक्कर या फ्रेंच घड्याळजीनं 1827 मध्ये वाफेच्या गाडीसाठी सोडवली, आणि त्याची दात्यांची रचना, डिफरन्शियल, आजही आपल्या प्रत्येक गाडीत आहे. ताकद दोघांनाही, पण ज्याला जास्त फिरायचंय त्यानं फिरावं.

जिप्सीत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये मात्र अशी सवलत नाही. चारही चाकांना ताकद जोडली की पुढचं आणि मागचं एकमेकांशी बांधलं जातं. कोरड्या डांबरावर वळताना गाडी अडखळते, टायर कुरकुरतात. म्हणून ऑफिसला येताना तो मागच्या दोन चाकांवरच चालवतो. पण पावसाळ्यात वेल्ह्याच्या बाजूला, लाल चिखलात, हेच बांधलेलं असणं तिला वर काढतं: एका अ‍ॅक्सलचं चाक गरगरत राहिलं तरी ताकद दुसऱ्या अ‍ॅक्सलला मिळतेच. 1985 मध्ये आलेली ही गाडी साध्या पाट्यांवर उभी आहे आणि वजनाला टनाच्या आसपास. जड, श्रीमंत फोर-बाय-फोर जिथे रुततात तिथून ती निघून जाते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

या सगळ्या यंत्रांचं शेवटी काय होतं, ते एका दुपारी जेवणानंतर आम्ही पार्किंगमध्येच मोजलं. गाडी जमिनीला टायरमधून टेकते आणि टायरमधली हवा तिचं वजन उचलते. साधारण 1,100 किलोची गाडी, टायरमध्ये 32 पीएसआय हवा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास. भागाकार केला तर चारही टायर मिळून जमिनीला टेकलेली जागा निघते 500 चौरस सेंटिमीटरच्या आसपास. प्रिंटरमधला एक ए-फोर कागद सुमारे 624 चौरस सेंटिमीटरचा असतो. कागदाला चुन्याचा हात लावून टायर त्यावरून नेला, ठसा मोजला. टायरच्या कडा थोडा भार घेतात तरी हिशेब जवळपास जुळला. टर्बो, व्हीटेक, दोन क्लच, डिस्क ब्रेक, सगळ्यांना जे काही करायचं ते एका ए-फोर कागदापेक्षा कमी जागेतून! तेव्हापासून आमच्यातला कोणीच टायरवर पैसे खर्च करताना कुरकुर करत नाही. खरं तर प्रत्येक गाडीवाल्यानं महिन्यातून एकदा हवा तपासावी, यासाठी एवढा हिशेब पुरेसा आहे.

या गाड्या रस्त्यावर ठेवणं सोपं नाही. पंधरा वर्षं झाली की आरटीओत पुन्हा पासिंग, पर्यावरण कर, आणि मग दर पाच वर्षांनी तोच फेरा. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. जुन्या रबराच्या नळ्यांना ते मानवत नाही, म्हणून सांगलीकरानं सिटीच्या सगळ्या नळ्या बदलून घेतल्या. मूळ रचनेत बदल करायलाही कायद्याची मनाई. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केलं. मला ती मनाई पटते. 1966 मध्ये स्थापन झालेल्या, वेताळ टेकडीच्या अंगावरच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडीचे ब्रेक, धूर, दिवे तपासून जी रचना मंजूर झाली, तिच्याशी गॅरेजमध्ये खेळ करणाऱ्यांनी रस्त्यावरच्या इतरांचाही विचार करायला हवा. आमच्या बेसमेंटमधली मंडळी मूळ गाडी मूळ अवस्थेत ठेवण्यातच धन्यता मानतात, आणि त्याला नवा सायलेन्सर लावण्यापेक्षा पुष्कळ जास्त कष्ट पडतात.

पुंटोच्या शेजारी हल्ली एक नेक्सॉन ईव्ही उभी असते. सुरुवातीला पुंटोवाल्यानं तिच्याकडे फारसं पाहिलं नाही. मग त्याला कोणीतरी सांगितलं, की ही पण रांजणगावची. त्याच आवारातली! मग मात्र त्यानं तिच्या मालकिणीला शंभर प्रश्न विचारले. 2020 च्या त्या ईव्हीचा टॉर्क 245 न्यूटन मीटर, अबार्थचा 212. शिवाय टर्बोला धूर साठेपर्यंत थांबावं लागतं. विजेची मोटर अगदी शून्य फेऱ्यांपासून पूर्ण जोर लावते, कारण तिथे जळण्याची, हवा भरण्याची वाटच बघायची नसते.

मागच्या महिन्यात एका रविवारी सगळे ताम्हिणीला गेलो. घाटमाथ्यावर पुंटोवाल्यानं आणि ईव्हीवालीनं चाव्या बदलल्या. कोकणात उतरताना गाडी साधारण 600 मीटर खाली येते. 1,400 किलोच्या गाडीला एवढं उतरताना मिळणारी ऊर्जा सव्वादोन युनिटच्या आसपास. एरवी ती सगळी ब्रेकच्या डिस्क तापवण्यात जाते. ईव्हीत मोटर उलट काम करते, चाकं तिला फिरवतात आणि वीज बॅटरीत परत जाते. सगळी नाही, पण बरीचशी. पुंटोवाला वळणामागून वळण पाय उचलत उतरत होता आणि पडद्यावरचा चार्जचा आकडा वाढताना बघून फोनवर ओरडत होता, ‘अगं, ही तर उतारावर कमावतेय!’ मागून येणारी ती उत्तरच देईना. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती रस्ता ऐकत होती. खाली विळ्याला चहा झाला, भजी झाली, आणि परतीच्या चढाला दोघांपैकी कोणीच आपली चावी परत मागितली नाही.